खुंटीवरचा बॅज

फोंडा

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. चवथीला माटोळी बांधता बांधता तुझी आई हळूच म्हणाली, "काका, कॅथलॅबची नोकरी म्हणजे पुढे मूलबाळ..." वाक्य काही तिने पुरं केलं नाही. एक्स-रेवर पाहत हृदयाच्या नळ्यांवर उपचार करतात त्या खोलीतल्या किरणांची तिला धास्ती. तिच्या हातातल्या केळ्यांच्या घडातही किरणोत्सर्गी पोटॅशियम असतं, हे तेव्हा मी बोललो नाही. सणाच्या दिवशी कशाला!

हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या सुमारे 77 हजार मुलांचा माग काढला गेलाय. आईबापांच्या अंगावर पडलेल्या किरणांमुळे मुलांत आनुवंशिक दोष वाढल्याचा ठाम पुरावा मिळालेला नाही. हे तिला वाचून दाखव. दिवस राहिले की मात्र लाजायचं नाही, लगेच कामावर सांगायचं. तेव्हापासून बाळापुरती मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेल्या किरणांचं माप).

तुझा प्रश्न वेगळा आहे: रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं, त्याचं काय? किरण पेशीतले पाण्याचे रेणू फोडतात, डीएनएचे धागे तोडतात. पेशी बहुतेक तुटलेलं सांधून घेते. क्वचित चुकीचं सांधलं जातं आणि ते दहा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊन उगवू शकतं. आपल्या चिऱ्याच्या भिंती, जमीन, हवा, आकाश यांतून जगभर माणशी सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. केरळात करुनागप्पल्लीला किरणोत्सर्गी थोरियमच्या वाळूवर राहणाऱ्या कित्येकांना त्याहून बरेच जास्त मिळतात, तरी तिथल्या सुमारे 70 हजारांच्या पाहणीत त्यामुळे कॅन्सर वाढलेला दिसला नाही. उलट फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेतल्या 3 लाखांवर अणुकर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून 2023 मध्ये हिशेब निघाला: दर ग्रेमागे गाठींच्या कॅन्सरचे मृत्यू 52 टक्के जास्त. एक ग्रे म्हणजे तुझ्या 20 मिलिसिव्हर्टच्या वार्षिक मर्यादेची पन्नास वर्षं, तेव्हा घाबरू नकोस. पण जोखीम शून्य नाही, असं मानणाऱ्यांत मी.

आणि हा हिशेब झाला कशावर? त्या माणसांनी आयुष्यभर लावलेल्या, किरण मोजणाऱ्या बॅजवर.

आता माझी फजिती ऐक. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी बॅज शिशाच्या एप्रनलाच ठेवून एप्रन एक्स-रेच्या खोलीत खुंटीला टांगायचो आणि खुशाल घरी जायचो. तिमाहीचं रीडिंग भलतंच आलं, मागोमाग चौकशीचं पत्र. किती माझ्या अंगावर पडले नि किती खुंटीवर, हे मला सांगताच येईना. ते तीन महिने माझ्या नोंदीत आजही खोटे आहेत. काही जण उलट करतात, आकडा वाढू नये म्हणून बॅज ड्रॉवरमध्ये. त्यांच्या नादी लागू नकोस.

बॅज छातीवर, एप्रनच्या आत. एप्रनची घडी घालायची नाही, आतलं शिसं तडकतं; हँगरलाच लाव. कॅथलॅबमध्ये तुझ्यावर येणारे किरण मुख्यतः रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले असतात. अंतर दुप्पट केलंस की ते जवळजवळ पावपट होतात, म्हणून हात मोकळे असतील तेव्हा मागे सरक. शिशाचा चष्मा मागून घे. नाही म्हणाले तर पुन्हा माग. मोतीबिंदू पूर्वी वाटायचं त्याहून कमी डोसला होतो हे दिसल्यावर 2011 मध्ये किरणांपासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने डोळ्याच्या भिंगाची मर्यादा वर्षाला 150 वरून 20 मिलिसिव्हर्टवर आणली. आमच्या वेळी डोळ्यांचा विचारच कुणी करत नसे. माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. किरणांनी की वयाने, देव जाणे.

पहिल्या तिमाहीचं रीडिंग आलं की आकडा कळव. शून्य आला तरी.

तुझा,
काका