मामांच्या घरात भाड्याने राहावे का, आणि सरकारी मदत मागावी का?

तुमच्या पत्रातला तपशील आधी थोडक्यात नोंदवतो, म्हणजे पुढचे हिशेब इतर वाचकांनाही कळतील. तुम्ही 26 वर्षांच्या आहात, ब्रिटिश नागरिक आहात आणि सध्या 14 महिन्यांच्या मुलीला सांभाळण्यासाठी घरी आहात. तुमचे पती 2023 मध्ये नाशिकहून जोडीदाराच्या व्हिसावर इंग्लंडमध्ये आले आणि गोदामातल्या नोकरीतून त्यांच्या हाती दरमहा 1,700 पौंड येतात. तुम्ही तिघे मिडलंड्समध्ये तुमच्या आईवडिलांच्या घरी एका खोलीत राहता आणि त्यांना महिन्याला 400 पौंड देता. जवळच तुमच्या मामांचे दोन बेडरूमचे घर आहे. आजवर ते परक्या भाडेकरूंना 900 पौंडांना दिलेले होते आणि आता रिकामे झाले आहे. मामांनी सुचवले आहे की करारावर 900 लिहावेत, प्रत्यक्षात 650 द्यावेत आणि हाउसिंग बेनिफिटचा, म्हणजे घरभाड्यासाठीच्या सरकारी मदतीचा, अर्ज करावा. दुसरीकडे वडील म्हणतात, कुठे जाता, इथल्याच खोलीचा भाडेकरार करून मदत मागा. यातले काय करावे, हा तुमचा प्रश्न आहे.

प्रथम मदतीच्या नावाचा घोळ सोडवू. हाउसिंग बेनिफिट आता नोकरीच्या वयातल्या नव्या अर्जदारांना जवळपास मिळत नाही. आधारगृहे किंवा कौन्सिलने, म्हणजे स्थानिक पालिकेने, दिलेली तात्पुरती निवासस्थाने एवढ्यापुरतेच ते उरले आहे. तुमच्यासारख्यांना भाड्याची मदत युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, एक भाग म्हणून मिळते, आणि तिचा अर्ज कौन्सिलकडे न करता ऑनलाइन, डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्सकडे, म्हणजे डीडब्ल्यूपीकडे करायचा असतो.

वडिलांची सूचना मायेची आहे, पण ती नियमात बसत नाही. घरमालक तुमचा जवळचा नातेवाईक असेल आणि तोही त्याच घरात राहत असेल, तर भाड्याची मदत मिळत नाही. करार कितीही पक्का असला तरी त्याने काही फरक पडत नाही. या नियमातल्या जवळच्या नात्यांत आईवडील, सासूसासरे, मुलगा, मुलगी, जावई, सून, सावत्र आईवडील, भाऊ, बहीण आणि यांचे जोडीदार येतात. आपल्याकडे मामाचे नाते कितीही जवळचे मानले तरी या यादीत मामा नाही, आणि तुमचे मामा त्या घरात राहतही नाहीत. त्यामुळे केवळ नात्याच्या कारणाने तुमचा अर्ज फेटाळला जाणार नाही.

खरी कसोटी वेगळी आहे. भाडे देण्याचे बंधन व्यावहारिक स्वरूपाचे असले पाहिजे आणि सगळा व्यवहार मदत मिळवण्यासाठीच रचलेला नसावा, असे नियम सांगतो. भाडे थकले तर मामा ते मागतील का, दुरुस्ती करून देतील का, घर आधी परक्यांना भाड्याने दिलेले होते का, पैसे दरमहा बँकेतून जातात का, असे प्रश्न त्यात येतात. यातल्या एका मुद्द्यावर तुमची बाजू भक्कम आहे, कारण ते घर वर्षानुवर्षे बाहेरच्या भाडेकरूंकडे होते. घरमालक नातेवाईक आहे का, असा प्रश्न अर्जात किंवा नंतरच्या चौकशीत आला, तर ‘हो, मामा आहेत’ असे सरळ उत्तर द्या. तो दोष नाही. तो लपवणे मात्र दोष ठरेल.

आता मामांची सूचना पाहू. कागदावर 900 आणि हातात 650 ही सरळ फसवणूक आहे. पकडल्यास जास्त घेतलेली रक्कम परत द्यावी लागते, दंड होतो, प्रकरण न्यायालयातही जाऊ शकते, आणि व्हिसावरच्या माणसासाठी ही नोंद फार महागात पडते. तरीही मी हा मुद्दा नीतीवर सोडणार नाही, कारण आकडे पाहिले तर ही फसवणूक मूर्खपणाची आहे. खासगी घराच्या भाड्यावरची मदत लोकल हाउसिंग अलाउन्स या दराच्या पुढे जात नाही. त्या भागातल्या भाड्यांची चढती यादी केली तर तिच्या तिसाव्या टक्क्यावर जे भाडे येते, त्यावरून हा दर ठरवतात; एप्रिल 2024 मध्ये तो वाढवला आणि तेव्हापासून गोठवलेला आहे. तुमच्या भागातला दोन बेडरूमचा दर 690 पौंड असल्याचे तुम्ही कळवले आहे. म्हणजे कागदावर 900 लिहिले तरी धरले जातील 690, आणि खरे 650 लिहिले तर पूर्ण 650 धरले जातील. मामांच्या युक्तीची सगळी कमाई महिन्याला 40 पौंड आहे.

पूर्ण हिशेब 2025-26 च्या दरांनी असा मांडता येतो. पतींच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत मागता येणार नाही, ही अट असल्यामुळे जोडप्याचा भत्ता मिळणार नाही. तुम्ही एकट्या अर्जदार म्हणून अर्ज कराल आणि तुमचा मूळ भत्ता 400.14 पौंड असेल. तुमच्या हक्काची ही मदत तुम्ही अशी घेतल्याने पतींच्या व्हिसाची अट मोडत नाही, फक्त त्यांच्यामुळे मदतीची रक्कम वाढता कामा नये. उत्पन्न आणि शिल्लक मात्र दोघांचीही मोजली जाते. मुलीसाठी 292.81 आणि भाड्यासाठी 650 मिळवले की बेरीज 1,342.95 पौंड होते. पतींच्या 1,700 पौंडांतून, भाड्याची मदत घेणाऱ्या कुटुंबाला मिळणारी 411 पौंडांची सूट वजा केली की 1,289 उरतात आणि त्यांच्या 55 टक्के, म्हणजे 708.95 पौंड, मदतीतून कापले जातात.

त्यापुढची कपात शिल्लक पैशांमुळे होते, आणि आपले लोक नेमके इथेच चुकतात. तुमच्या इथल्या खात्यात 1,500 पौंड आहेत आणि पतींच्या नावाने नाशिकच्या बँकेत 13.8 लाखांच्या मुदतठेवी आहेत. पौंड 115 रुपयांचा धरला तर त्या ठेवी 12,000 पौंडांच्या होतात. भारतातला पैसा तिकडचा, त्याचा इथे काय संबंध, असा समज सर्रास आढळतो. पण युनिव्हर्सल क्रेडिटसाठी जगात कुठेही असलेली शिल्लक मोजली जाते. 16,000 पौंडांपेक्षा जास्त शिल्लक असेल तर काहीच मिळत नाही आणि 6,000 च्या वर प्रत्येक 250 पौंडांमागे महिन्याला 4.35 पौंड कापले जातात. तुमची एकूण शिल्लक 13,500 असल्याने ही कपात 130.50 पौंड होते. सगळे वजा जाता, 650 पौंड भाड्यावर तुमच्या हाती दरमहा 503.50 पौंड येतील. करारावर 900 दाखवले तर 543.50 आले असते.

मुदतठेवी सासऱ्यांच्या नावावर करून टाकाव्यात का, असे तुम्ही तळटीपेत विचारले आहे. करू नयेत. मदत मिळावी म्हणून शिल्लक दुसऱ्याला दिली, तर ती तुमच्याकडेच आहे असे धरून हिशेब करता येतो. शिवाय भारत आणि ब्रिटन यांच्यात एकमेकांच्या रहिवाशांच्या बँक खात्यांची माहिती दरवर्षी दिली-घेतली जाते.

याहून मोठा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळींत आला आहे, तोही सहज उल्लेख करावा तसा: नाशिकचा फ्लॅट पती आणि त्यांचे भाऊ यांच्या संयुक्त नावावर आहे. ही ओळ पत्राच्या सुरुवातीला हवी होती. तुम्ही ज्या घरात राहत नाही, त्यातला हिस्सा शिल्लक म्हणून धरला जातो. बाजारभावातून विक्रीखर्चाचे 10 टक्के आणि त्या घरावरचे कर्ज वजा करून जे उरेल ते मोजतात. नाशिकमधल्या साध्या फ्लॅटचा अर्धा हिस्सादेखील तुम्हाला 16,000 च्या वर नेईल, आणि तसे झाले तर वरचा सगळा हिशेब शून्यावर येतो. मात्र नियमांत एक सवलत आहे. त्या घरात जवळचा नातेवाईक राहत असेल आणि त्याने ब्रिटनमधले पेन्शनचे वय गाठलेले असेल, तर ते घर शिल्लकीत धरत नाहीत. तुमचे सासरे 71 वर्षांचे आणि सासूबाई 68 वर्षांच्या आहेत आणि दोघे त्याच फ्लॅटमध्ये राहतात, म्हणून या सवलतीवर तुमचा दावा उभा राहतो. तरीही फ्लॅटचा उल्लेख अर्जात करायचाच, आणि अर्जाआधी सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या सल्लागाराला सगळी कागदपत्रे दाखवून त्यांचे मत लेखी घ्यायचे. सासूसासऱ्यांच्या पश्चात, किंवा ते नाशिक सोडून दुसऱ्या मुलाकडे राहायला गेले तर, ही सवलत संपेल, हेही आत्ताच लक्षात घ्या.

फ्लॅटचा अडसर दूर झाला असे धरून आता तुलना करू. आईवडिलांकडेच राहिलात तर भाड्याची मदत नसल्याने पतींच्या पगारावरची सूट 684 पौंडांची होते. तरीही मूळ भत्ता आणि मुलीची रक्कम मिळून 692.95 मधून पगारापोटी 558.80 आणि शिल्लकीपोटी 130.50 गेले की हाती 3.65 पौंड उरतात. म्हणजे आज मदत जवळपास नाही आणि खर्च 400 पौंड आहे. मामांच्या घरात भाडे 650, आणि तुम्ही काढलेल्या अंदाजाप्रमाणे कौन्सिल टॅक्स, वीज, गॅस, पाणी आणि इंटरनेट मिळून 340, असे 990 पौंड लागतील. वाढीव मदतीचे 500 वजा केले की निव्वळ बोजा 490 चा होईल. स्वतंत्र संसाराची किंमत महिन्याला 90 पौंड पडते. मामांनी खरोखरच 900 घेतले तर हाच फरक 300 पौंडांवर जातो, आणि 1,700 च्या पगारात तो पेलणारा नाही.

माझे मत असे आहे की तुम्ही जावे, पण 650 पौंडांच्या खऱ्या करारावर जावे. भाडे बाजारापेक्षा कमी आहे एवढ्यावरून व्यवहार अव्यावहारिक ठरत नाही. एजंटचे कमिशन नाही, घर रिकामे पडण्याची भीती नाही आणि भाडेकरू ओळखीचा आहे, ही सवलत देण्याची कारणे मामांकडे आहेत. त्यांनी ती तुम्हाला पाठवलेल्या ईमेलमध्ये लिहून ठेवली तर उत्तम. मामांना पटवताना 40 पौंडांचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आणून द्या: करारावर 900 असतील तर उद्या कर खाते त्यांच्याकडून 900 च्या उत्पन्नाचा हिशेब मागेल.

नात्यातला व्यवहार असला तरी कायद्याने मामांवर येणारी घरमालकाची कर्तव्ये कमी होत नाहीत, आणि ती पूर्ण झाली तर तुमचा अर्जही भक्कम होतो. अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती 30 दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत ठेवावी लागते. गॅसची तपासणी दरवर्षी हवी, आणि पतींच्या व्हिसाची राइट टू रेंट तपासणी, म्हणजे त्यांना इथे भाड्याने राहण्याचा हक्क आहे का याची खातरजमा, मामांनाही करावीच लागेल. घरावर बाय-टू-लेट, म्हणजे भाड्याने देण्याच्या घरासाठीचे, कर्ज असेल तर नातेवाइकांना घर देण्यावर बँकेची अट आहे का, ते त्यांनी आधी पाहावे. 1 मे 2026 पासून इंग्लंडमध्ये कारण न देता भाडेकरूला काढता येत नाही. मामांना दोन वर्षांनी घर विकायचे असेल, तर त्याबद्दलचे बोलणे आजच व्हायला हवे.

90 पौंडांचा फरक कायमचा समजू नका. मुलगी एक वर्षाची झालेली असल्याने डीडब्ल्यूपी तुम्हाला मुलाखतींना बोलावेल, पण नोकरी शोधण्याची सक्ती ती तीन वर्षांची होईपर्यंत नाही. तरीही तुम्ही आठवड्याला 16 तास 2025-26 च्या किमान वेतनावर, म्हणजे तासाला 12.21 पौंडांवर, काम केले तर महिन्याला सुमारे 846 पौंड मिळतात आणि 55 टक्के कपातीनंतर त्यातले 380 तुमच्याकडे राहतात. दोघेही कमावत असल्याने शाळेच्या सत्रात आठवड्याला 30 तास पाळणाघर सरकारी खर्चाने मिळू शकते. सुट्ट्यांतला खर्च राहील, त्याचा 85 टक्क्यांपर्यंतचा वाटा युनिव्हर्सल क्रेडिटमधून मागता येतो.

पतींच्या व्हिसाच्या मुदतवाढीला 2023 चा मूळ अर्ज असल्यामुळे जुनी 18,600 पौंडांची उत्पन्नमर्यादा लागू राहील. त्यांच्या पगारावर ती पूर्ण होते. युनिव्हर्सल क्रेडिट त्या उत्पन्नात धरत नाहीत, म्हणून पगारपत्रके जपून ठेवा. चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज आधी केलेला नसेल तर तो तुमच्याच नावाने करा. पतींच्या नावाने करू नका.

क्रमाबद्दल सांगायचे तर फ्लॅटबाबतचे लेखी मत आधी घ्या, मग मामांशी करार करा आणि राहायला गेलेल्या दिवशीच ऑनलाइन अर्ज करा, कारण घरात राहायला जाण्याआधीच्या काळाचे भाडे धरले जात नाही. पहिली रक्कम हाती यायला साधारण पाच आठवडे लागतात. मधल्या काळासाठी डीडब्ल्यूपी आगाऊ रक्कम देते, परंतु ते कर्ज असते आणि पुढच्या हप्त्यांतून कापले जाते. तुमच्याकडे खात्यात 1,500 पौंड असताना ते घेण्याचे कारण नाही. पहिल्या महिन्याचे भाडे त्यातून द्या आणि अनामत दोन हप्त्यांत घ्यावी, अशी मामांना विनंती करा.