२०२३ च्या चित्रपटांत सहाय्यक अभिनेत्याचे सर्वोत्तम काम कोणाचे?

'ओपनहायमर'मधील लुईस स्ट्रॉसच्या भूमिकेसाठी रॉबर्ट डाउनी ज्युनिअर यांना मिळालेले ऑस्कर रास्तच होते. सिनेटच्या सुनावणीत मंत्रिपद हातातून निसटू लागताच सभ्यपणाआड दडलेला जुना आकस ते ज्या बेताने उघड करतात, त्याला तोड नाही. तरीही माझ्या मते त्या वर्षीचे सर्वांत अस्सल काम 'मे डिसेंबर'मधील चार्ल्स मेल्टन यांचे आहे, आणि त्यांना ऑस्करचे साधे नामांकनही मिळू नये, हे अनाकलनीय आहे. छपरावर मुलाशेजारी बसलेला हा बाप त्याला धीर देण्याऐवजी स्वतःच पोरासारखा रडू लागतो, तो प्रसंग मुद्दाम पाहावा. 'बार्बी'तील रायन गॉस्लिंग यांचा केन धमाल आहे, पण ती भूमिका जवळपास नायकाचीच म्हणावी लागेल.