गाडीमागचं घर, एचआरचा मेल आणि पोलीस ठाण्यात अडकलेला ट्रेलर

प्रश्न: मी नागपूरच्या मनीषनगरात राहतो. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी आहे, काम घरूनच करतो. वाडीतल्या एका फॅब्रिकेटरकडून साडेचार लाखांत कॅम्पर ट्रेलर बनवून घेतला. दोघांना झोपायला जागा, कामाचं टेबल, छतावर सोलर पॅनल. एसयूव्हीमागे तो जोडून वर्षभर कन्याकुमारी ते काश्मीर फिरायचं आणि फिरता फिरता काम करायचं, असं मी आणि बायकोनं ठरवलं. पुढे ट्रेलर भाड्यानं देऊन खर्च काढण्याचाही विचार आहे. ‘ट्रेलरला पासिंग (आरटीओची नोंदणी) लागत नाही,’ असं फॅब्रिकेटर म्हणाला होता. पण पहिल्याच फेरीत जबलपूर रोडवर खवासाच्या पुढे, मध्य प्रदेशात, पोलिसांनी अडवलं, चलान केलं आणि ट्रेलर ठाण्यात लावून घेतला. त्याच आठवड्यात एचआरचा मेल आला: नोंदवलेला पत्ता सोडून दुसरीकडून काम केल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. मॅनेजरनं मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कुठूनही कर, डिलिव्हरी सांभाळ’ असं लिहून दिलंय. आता काय करू?

उत्तर: एचआरच्या मेलनं तुमची झोप उडालेली दिसते. मला मात्र काळजी ट्रेलरची वाटते, म्हणून आधी त्याचंच बोलतो.

फॅब्रिकेटरनं तुम्हाला साफ चुकीचं सांगितलं. मोटार वाहन कायदा, 1988 मधल्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो. त्याला इंजिन नाही म्हणून तो सुटत नाही. कलम 39 प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही आणि कलम 61 नं नोंदणीचे सगळे नियम ट्रेलरलाही लावले आहेत. त्यामुळे चलान आणि जप्ती दोन्ही कायद्याला धरूनच आहेत. पहिल्या वेळी दंड दोन ते पाच हजार. दुसऱ्यांदा सापडलात तर दहा हजारांपर्यंत आणि कैदेचीही तरतूद आहे. चलानावर भांडत बसू नका, भरून टाका. पण ट्रेलर सुटला की लगेच गाडीला जोडून नागपूरला आणू नका. ट्रकवर चढवून आणा. दोन पैसे जास्त लागतील, लागू द्या.

हे इतकं ठासून सांगतो, कारण मुद्दा दंडाचा नाहीच, विम्याचा आहे. विदर्भातल्या कुठल्याही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ट्रॅक्टर-ट्रॉलीचे दावे बघा. ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा नसतो. ट्रॉलीखाली कुणीतरी सापडतं आणि विमा कंपनी हात वर करते. निकाल दर वेळी कंपनीच्या बाजूनं लागतो असं नाही, पण तो लागेपर्यंत मालकाच्या जिवाला घोर असतो. भरपाई मृताचं वय आणि कमाई बघून ठरते. घरातला कर्ता माणूस गेला तर ती लाखांच्या घरात जाते, आणि विमा नसेल तर मालकाच्या मालमत्तेतून वसूल होते. तुमच्या एसयूव्हीच्या पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेख नसेल, तर आज तुम्हीही त्याच रांगेत उभे आहात. विमा कंपनीला लेखी कळवा, ट्रेलर पॉलिसीत चढवून घ्या आणि तसं एंडोर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाचा लेखी कागद) हातात आल्याशिवाय तो गाडीला जोडू नका. एजंटच्या ‘होऊन जाईल साहेब’वर विसंबू नका. गाडीला बसवलेला टो-हुकही त्याच पत्रात कळवा, आणि तुमचं मॉडेल किती वजन ओढू शकतं ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

पासिंग कसं होईल? केंद्र सरकारच्या 2004 च्या अधिसूचनेत खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर ‘नॉन-ट्रान्सपोर्ट’, म्हणजे व्यावसायिक वाहतुकीच्या नसलेल्या वाहनांच्या वर्गात धरला आहे. म्हणजे तुमच्यासारख्याला कायद्यात दार उघडं आहे. पत्त्याप्रमाणे तुमचं जे आरटीओ असेल, एमएच-31 चं किंवा एमएच-49 चं, तिथे नोंदणीच्या अर्जाचा फॉर्म 20 भरायचा. सोबत विक्रीचं प्रमाणपत्र फॉर्म 21 मध्ये आणि रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र फॉर्म 22 मध्ये लागतं. ही दोन्ही बनवणाऱ्यानं द्यायची असतात आणि तुमचं गाडं इथेच अडणार. डिझाइनला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी आहे का, हे आरटीओ विचारू शकतं. वेल्डिंगच्या दुकानात बनलेल्या ट्रेलरला बहुधा ती नसते. म्हणून फॅब्रिकेटरला आधी नोटीस द्या, कागद मागा आणि आरटीओला लेखी अर्ज करून नेमकं काय हवं ते लेखीच विचारा. नोंदणी झाल्यावरही एक गोष्ट लक्षात ठेवा: ट्रेलरच्या मागच्या बाजूला, तो ओढणाऱ्या गाडीचा नंबर लावावाच लागतो.

ट्रेलर भाड्यानं द्यायचा विचार मात्र डोक्यातून काढा. भाड्यानं दिला की तो ‘ट्रान्सपोर्ट’ वर्गात जातो. मग परमिट, फिटनेस, कर सगळंच बदलतं आणि खासगी विम्यावर दावा टिकत नाही. व्यवसायच करायचा असेल तर राज्याचं 2021 चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आहे, त्याखाली रीतसर नोंदणी करून करा.

प्रवासातल्या काही गोष्टी. ‘मी चालवते, तू मागे बसून मीटिंग उरक,’ हा मोह तुम्हाला पहिल्याच आठवड्यात होईल. चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. स्टिअरिंगवर असताना हातात फोन घेऊन कॉल घेणं हा कलम 184 खाली गुन्हा आहे. मुक्काम हायवेच्या कडेला करू नका. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या पट्ट्यात तर मुळीच नाही. राखीव जंगलात विनापरवाना शिरणं हा वेगळा गुन्हा होतो. एका राज्यात वाहन बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं तरच नवा नंबर घ्यावा लागतो, त्यामुळे फिरत राहणाऱ्याला ती अडचण नाही. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड न्या. आणि रेंजसाठी म्हणून सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर विनापरवाना सोबत ठेवू नका, त्यात थेट अटक झालेली माणसं आहेत.

आता नोकरी. कुठूनही काम करण्याचा हक्क आपल्याकडे कुठलाच कायदा देत नाही. तुमचं नियुक्तीपत्र आणि कंपनीची पॉलिसी हाच तुमचा कायदा. त्यात कामाचं ठिकाण म्हणून मनीषनगरचा पत्ता लिहिलेला असेल, तर एचआरचा मेल चुकीचा म्हणता येत नाही. मॅनेजरचा मेसेज पुरावा म्हणून चालेल, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये सोय आहे. पण त्यावरून एवढंच सिद्ध होतं की मॅनेजरला माहीत होतं. कंपनीनं परवानगी दिली, हे सिद्ध होत नाही, आणि एचआरचा लेखी नकार आल्यावर तर त्या मेसेजचा आधार फारच तोकडा पडतो.

म्हणून एचआरला सरळ अर्ज करा. मुदत लिहा, कुठल्या राज्यांतून जाणार ते लिहा, भारताबाहेर जाणार नाही असं लिहा. सार्वजनिक वायफाय वापरणार नाही, मीटिंगच्या वेळेत गाडी चालवणार नाही आणि बोलावल्यास आठवड्याभरात पुण्यात हजर होईन, हेही त्यात घाला. पुष्कळदा अडचण कंपनीची नसून क्लायंटची असते. क्लायंटशी झालेल्या करारात कामाची जागा ठरवून दिलेली असते, तेव्हा त्यांची संमती घेण्याची विनंतीही अर्जातच करा. सहा महिन्यांसाठी प्रायोगिक परवानगी मागितली तर होकार लवकर मिळतो.

लोकेशन लपवून नागपुरातच असल्याचं भासवू नका. हे कळकळीनं सांगतो. परवानगीविना प्रवास केला तर ती चूक ठरेल आणि समज मिळून प्रकरण मिटूही शकेल. खोटं लोकेशन दाखवलंत तर ती लबाडी ठरेल आणि रिलीव्हिंग लेटरपर्यंत तुमचा पिच्छा सोडणार नाही. तसंच मनीषनगरचं घर भाड्याचं असेल आणि ते सोडणार असाल, तर त्या दिवसापासून एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यासाठी) भाडेपावत्या देणं बंद करा.

राहिले साडेचार लाख. फॅब्रिकेटरनं कागद दिले नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पूर्ण रक्कम परत मागा. सोबत चलानाचा दंड आणि ट्रकचं भाडंही मागा. ‘पासिंग लागत नाही’ हे तो तोंडीच बोलला असेल, तर वकिलाची नोटीस जाण्याआधी त्याला साधा मेसेज करून विचारा, ‘पासिंगचे कागद कधी देताय?’ त्यावर तो जे उत्तर देईल, तेच पुढे कामाला येईल. बिल नसेल तर बँकेचं आणि यूपीआयचं स्टेटमेंट आजच डाउनलोड करून ठेवा.