डायलिसिसच्या पेशंटचं पीटीएच कमी करायला मॅग्नेशियमची गोळी चालेल का?

तुमच्या वडिलांचं पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) ७८० आलंय, मॅग्नेशियम १.८ आहे, आणि मॅग्नेशियमच्या गोळीने पीटीएच उतरतं असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. मी डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे. आधी एवढंच सांगते, गोळी स्वतःहून सुरू करू नका.

तुम्ही ऐकलंत त्यात तथ्य आहे. पॅराथायरॉइड ग्रंथींच्या पेशींवर रक्तातलं कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टर असतो. तो मॅग्नेशियमलाही दाद देतो, फक्त कॅल्शियमपेक्षा कमी. त्यामुळे मॅग्नेशियम वाढलं की ग्रंथी पीटीएच कमी सोडतात. डायलिसिसच्या पेशंटमध्येही मॅग्नेशियम जास्त तिथे पीटीएच कमी, असं बरेचदा आढळतं. गंमत अशी की मॅग्नेशियम अगदीच घसरलं तरी पीटीएच पडतं, कारण मग ग्रंथींना ते सोडताच येत नाही. अशा वेळी कॅल्शियमही खाली जातं आणि मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय नीट वर येत नाही.

पण वडिलांचं १.८ नॉर्मलमध्येच आहे, थोडं खालच्या बाजूला. ७८० मागचं कारण बहुधा दुसरीकडे सापडेल: वाढलेलं फॉस्फरस, कमी कॅल्शियम, व्हिटॅमिन डीची कमतरता. फॉस्फरसचा बायंडर (जेवणातलं फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारं औषध) जेवणासोबतच घेतला जातोय ना, हे आधी बघा. तो जेवणानंतर तासाभराने घेतला तर फारसा उपयोग होत नाही, आणि हे घरोघरी होतं.

गोळीची भीती का, तर जादा मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम किडनीचं. ती चालत नसेल तर ते साठतं. अशक्तपणा येतो, बीपी उतरतं, हृदयाचे ठोके मंदावतात. मॅग्नेशियम असलेली अँटासिड आणि पोट साफ व्हायची औषधंसुद्धा म्हणूनच विचारल्याशिवाय देऊ नका. उलट पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील तर मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. वडील त्या घेत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

युनिटमध्ये डायलिसेटमधलं, म्हणजे डायलिसिसच्या द्रावणातलं, मॅग्नेशियम किती आहे तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी लिटरला ०.५ मिलिमोल असतं. रक्तातली पातळी बरीचशी त्यावर ठरते, आणि बदल करायचाच झाला तर नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) तिथे करू शकतात.

पीटीएच नॉर्मलवर आणायचं नसतं, हेही लक्षात असू द्या. डायलिसिसवर लॅबच्या वरच्या मर्यादेच्या साधारण २ ते ९ पट चालतं. फार दाबलं तर हाडांची झीज-भर मंदावते. एका रिपोर्टवरून घाबरू नका, मागचे दोन-तीन शेजारी ठेवून बघा. कॅल्शियम, फॉस्फरसचे आकडे इथे टाकलेत तर डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते सांगेन.