मॉरिशसचा नैऋत्य कोपरा अर्ध्या दिवसात

पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-ऑं-फ्लाक गावात मुक्काम करणार असाल तर सकाळी आठच्या आत गाडी काढा आणि आधी डोंगर गाठा, समुद्र नंतर. सगळे नेमकं उलटं करतात आणि दुपारी व्ह्यूपॉइंटवर ढग बघून परततात. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात, त्यामुळे स्वतः चालवायला हरकत नाही.

तामारँवरून खाली ग्रांद काझ नुआयालला या, तिथून शामारेलचा घाट चढा. वाटेतल्या वळणावर थांबलात की खाली खाडीचा फिकट हिरवा उथळपणा, बेनितिये बेट आणि पलीकडे ५५६ मीटरचा ल मॉर्न डोंगर, सगळं एका नजरेत येतं. पळालेले गुलाम याच डोंगरात लपत. २००८ पासून तो जागतिक वारसा आहे. त्यावर चढायचा मोह मात्र आज टाळा, त्यालाच अख्खी सकाळ लागते.

वर शामारेलला सात रंगांच्या मातीचे उंचवटे आहेत. त्या सप्तरंगी मातीचं तिकीट? मुलं बरोबर असतील तर काढा. फोटोत दिसते तेवढी भडक नाही, एवढंच सांगतो.

उतरल्यावर ला गोलेत गावात खाऊन घ्या. धॉल पुरी म्हणजे डाळ भरलेली मऊ पोळी. जोडीने देतात, आत रसदार घेवडा आणि चटणी. मिरची विचारून घाला, जहाल असते.

मग ल मॉर्नच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत पडा. पाण्यात जाताना रबरी बूट हवेतच, पोवळ्यांनी पाय कापतात. आणि सुट्टे मॉरिशियन रुपये जवळ ठेवा, खाण्याच्या गाड्यांवर कार्ड घेतीलच असं नाही.