वाचक विचारतात : न्यूअर्क ईगल्सचं १९४६ साल

मागच्या अंकात आम्ही जॅकी रॉबिन्सनवर एक छोटा मजकूर दिला होता, एप्रिल १९४७ मध्ये तो ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल टीमकडून खेळायला उतरला आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, कृष्णवर्णीयांना असलेली बंदी मोडली, असं. त्यात जाता जाता एक वाक्य होतं की त्याआधी तो कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या टीममध्ये होता. सगळे प्रश्न आलेत ते त्या एका वाक्यावर, मूळ मजकूर बाजूलाच राहिला. असो, निवडक प्रश्न घेतो.

प्रश्न : कृष्णवर्णीयांची वेगळी लीग होती म्हणता, तर ती पगारी होती की हौशी? आणि नुसती नावं देऊ नका, एखादा सीझन धरून नीट सांगा. – एक वाचक, सांगली

पगारी होती, पक्की पगारी. निग्रो नॅशनल लीग १९२० मध्ये सुरू झाली, मध्ये मंदीत बुडाली, परत उभी राहिली, आणि १९३७ पासून दुसरी निग्रो अमेरिकन लीगही होती, एक साधारण पूर्वेकडची आणि एक मध्य-दक्षिणेकडची. सीझन धरून सांगा म्हणताय तर मी १९४६ घेतो, नॅशनल लीगमधल्या न्यूअर्क ईगल्स या टीमचा. न्यूअर्क म्हणजे न्यू जर्सीतलं, न्यूयॉर्कच्या अगदी शेजारचं कारखान्यांचं शहर.

हा सीझन का, तर त्या वर्षी सगळे दुसऱ्या महायुद्धावरून परत आले होते. लिऑन डे हा त्यांचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, हा माणूस फ्रान्समध्ये नॉर्मंडीला यूटा बीचवर उतरला होता, ते पण मुख्य हल्ल्यानंतर आठवडाभरातच, त्याचं काम म्हणजे पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारे ट्रक चालवायचं. त्यांच्याच टीमचा लॅरी डोबी नेव्हीत होता, पॅसिफिकमध्ये एका बेटावर. मॉन्टी आर्विन सैन्याच्या इंजिनियर तुकडीत युरोपात. दोन-तीन वर्षं धड बेसबॉल नाही, आणि ५ मे १९४६ ला सीझनची पहिलीच मॅच, फिलाडेल्फिया स्टार्सविरुद्ध, घरच्या रपर्ट स्टेडियमवर, तर लिऑन डेने काय करावं? नो-हिटर टाकला! म्हणजे समोरच्यांच्या एकाही बॅटरला धड हिट मारून बेसवर पोचू दिलं नाही, एरर (फिल्डरची चूक) नाहीतर वॉकवर (पिचरने चार वाईट बॉल टाकले की फुकट मिळणारा बेस) जे कोण पोचले तेवढेच. ईगल्स २-० ने जिंकले. बरं ती मॅच काही शांतपणे झाली नाही, डोबी पळत होम प्लेटवर, म्हणजे जिथे पोचलं की रन मिळतो तिथे आला, अंपायरने सेफ (नॉट आउट) दिला, त्यावर स्टार्सचा कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून बॉल पकडणारा, बिल कॅश असा भडकला की अंपायर खालीच पडला, मग मैदानात जी काय हाणामारी झाली ती थांबवायला पोलीस आले. हे सगळं होऊन, तेवढा वेळ हात थंड पडूनसुद्धा, डे परत आला आणि नो-हिटर पुरा केला. मला विचाराल तर त्या सीझनमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच, फायनलपेक्षाही.

मॅनेजर होता बिझ मॅकी, जुना जाणता कॅचर, त्या वेळी चाळिशी उलटून गेलेली. सीझन दोन भागांत खेळायचे, पहिल्या भागाचा विजेता आणि दुसऱ्या भागाचा विजेता आपसात भिडायचे, पण ईगल्सनी दोन्ही भाग मारले त्यामुळे तो प्रश्नच मिटला, थेट वर्ल्ड सीरिज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांची फायनल. समोर निग्रो अमेरिकन लीगचे चॅम्पियन मोनार्क्स, रॉबिन्सनची जुनी टीम.

सात मॅचची सीरिज, आणि मैदानं बघा, पहिली मॅच न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर १७ सप्टेंबरला, मग न्यूअर्क, मग दोन कॅन्सस सिटीला, एक शिकागोला, शेवटच्या दोन परत न्यूअर्कला. जिथे गल्ला जमेल तिथे मॅच, असा साधा हिशोब होता. मोनार्क्सनी पहिली २-१ घेतली, न्यूअर्कने दुसरी ७-४, तिसऱ्यात मोनार्क्सनी १५-५ असं धुतलं, चौथी न्यूअर्क ८-१, पाचवी मोनार्क्स ५-१, सहावी न्यूअर्क ९-७. म्हणजे एकदा यांची एकदा त्यांची, सहाव्या मॅचपर्यंत कुणाला सलग दोन जिंकता आल्या नव्हत्या. सातवी २९ सप्टेंबरला. मोनार्क्सच्या बक ओ'नीलने होम रन (आपला सिक्सर समजा) मारून बरोबरी साधली, लगेच इनिंगच्या पुढच्या हाफमध्ये डोबी आणि आर्विन वॉकवर बेसवर गेले आणि जॉनी डेव्हिसने डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, मारून दोघांना घरी आणलं, रूफस लुईसने ती आघाडी शेवटपर्यंत टिकवली, ३-२, खेळ खलास. आर्विनने सीरिजमध्ये .४६२ च्या अ‍ॅव्हरेजने मारलं, म्हणजे दर हजार संधींत ४६२ हिट्स या प्रमाणात, आणि तीन होम रन. .३०० वाला बॅटर चांगला मानतात, त्यावरून अंदाज घ्या.

प्रश्न : मोनार्क्सकडे सॅचेल पेज होता ना? एवढा दंतकथेतला पिचर असून टीम हरली कशी? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

होता आणि नव्हताही. पहिल्या मॅचमध्ये हिल्टन स्मिथच्या जागी येऊन त्याने मॅच काढून दिली. दुसऱ्या मॅचमध्ये सातव्या इनिंगला न्यूअर्कने सहा रन कुटले त्यात त्यालाही मार बसला. आणि शेवटची, सातवी मॅच, जिथे त्याची खरी गरज, तिथे साहेब गायब! बॉब फेलर हा क्लीव्हलंडचा गोरा स्टार पिचर त्या ऑक्टोबरात एक दौरा काढत होता, गोऱ्यांची ऑल-स्टार टीम विरुद्ध पेजची कृष्णवर्णीय ऑल-स्टार टीम, चक्क विमानातून गावोगाव फिरून मॅचेस, त्याच्या पैशाची बोलणी करायला पेज गेला होता असं सांगतात.

आता यावर चिडायचं की नाही तुम्ही ठरवा. मी चिडत नाही. तेव्हा पेजचं वय चाळीस, आयुष्यभर मेजर लीगचं दार बंद, आणि लीगच्या पगारापेक्षा अशा दौऱ्यांत कितीतरी जास्त पैसा. त्याला कोण सांगणार की बाबा वर्ल्ड सीरिजची शान राख? अर्थात टीममेट्सना काय वाटलं असेल ते वेगळं, एका रनने हरले ते. पेज पुढे १९४८ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी मेजर लीगमध्ये गेला, तोही फेलरच्याच क्लीव्हलंड टीममध्ये.

प्रश्न : ईगल्सची मालक एक बाई होती असं कुठेतरी वाचलं, खरं का? आणि एवढी जोरात चाललेली लीग मग बंद का पडली? रॉबिन्सन मेजर लीगमध्ये गेला ही तर आनंदाची गोष्ट ना? – एक वाचिका, नाशिक

ताई, तुमचे दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत, कारण दोन्हीचं उत्तर एफा मॅनली.

टीम तिची आणि तिचा नवरा एब मॅनली याची. एबचा पैसा आला नंबर्समधून, म्हणजे आपल्याकडच्या मटक्यासारखा आकड्यांचा धंदा, बेकायदेशीर, पण त्या काळात कृष्णवर्णीय माणसाला बँक कर्ज देणार नाही म्हटल्यावर मोहल्ल्यात रोख पैसा असायचा तो अशांकडेच, आणि बऱ्याच टीम त्याच पैशावर उभ्या होत्या. एबला खेळाडू हेरायची हौस. बाकी सगळं, पगार, करार, बुकिंग, प्रवास, पेपरवाल्यांशी भांडण, हे एफा बघायची. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९३४ साली, जी दुकानं कृष्णवर्णीयांना नोकरी देत नाहीत तिथे खरेदी करू नका, अशी चळवळ झाली त्यात ती पुढे होती. १९३९ मध्ये तिने रपर्ट स्टेडियमवर लिंचिंगविरोधी (जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारण्याविरुद्धचा) दिवस केला, मॅचच्या मैदानावरच. आणि हे स्टेडियम तरी कुणाचं, तर न्यूयॉर्कच्या यांकीज या मेजर लीगमधल्या टीमचं! यांकीजची सगळी गोरी ज्युनियर टीम न्यूअर्क बेअर्स तिथे खेळायची, ती बाहेरगावी गेली की ईगल्सनी भाड्याने घ्यायचं.

१९४६ ला ईगल्सच्या घरच्या मॅचेसना सुमारे १,२०,००० लोक आले. पुढच्या वर्षी, १९४७ ला, साधारण ५७,०००. निम्म्याहून कमी, आणि टीम तीच चॅम्पियन! कारण एकच, पलीकडे ब्रुकलिनमध्ये रॉबिन्सन खेळत होता आणि लोक रविवारचे चांगले कपडे घालून, डबे बांधून तिकडे जायला लागले. यात लोकांची काय चूक. खरं तर त्याची चुणूक १९४६ च्या एप्रिलातच दिसली होती, रॉबिन्सन डॉजर्सच्या ज्युनियर टीमकडून, मॉन्ट्रियल रॉयल्सकडून, पहिली मॅच खेळला ती न्यूअर्कच्या बाजूलाच जर्सी सिटीला, चार हिट्स, त्यात एक तीन रनचा होम रन, आणि मॉन्ट्रियल १४-१ ने जिंकलं. ईगल्सचा तो सोन्यासारखा सीझन सुरू व्हायच्या आधीच हे होऊन गेलं होतं.

पण नुसता प्रेक्षक पळाला म्हणून लीग मेली असं म्हणणं अर्धवट आहे, आणि इथेच मला थोडं स्पष्ट बोलायचंय. डॉजर्सचा बॉस ब्रँच रिकी, ज्याचं आपण कौतुक करतो, त्याने रॉबिन्सनसाठी मोनार्क्सना एक डॉलर दिला नाही. ईगल्सचा तरुण पिचर डॉन न्यूकम नेला, एफाला एक डॉलर नाही. त्याचं म्हणणं, या लीग म्हणजे बेकायदेशीर धंदेवाल्यांचा कारभार, करार धड नाहीत, मग भरपाई कसली. करार ढिले होते हे खरंच, रॉबिन्सनच्या बाबतीत तर मोनार्क्सकडे दाखवायला नीट कागद नव्हता. पण त्याच रिकीला दुसऱ्या गोऱ्या क्लबचा खेळाडू हवा असता तर त्याने खेळाडू तरी बदल्यात दिला असता नाहीतर पैसे तरी मोजले असते. आणि मोनार्क्स किंवा मॅनली कोर्टात जाणार तरी कसे, लगेच बोंब झाली असती की बघा, आपल्याच पोरांच्या वाटेत आडवे येतायत. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रिकीने चांगलं काम केलं, आणि ते दुसऱ्याच्या खिशातून केलं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

एफा मात्र गप्प बसली नाही. १९४७ च्या जुलैत क्लीव्हलंड टीमचा मालक बिल व्हीक याला लॅरी डोबी हवा होता, त्याने आधी १०,००० डॉलर देऊ केले, तिने तोंडावर सांगितलं की हा पोरगा गोरा आणि कुठल्या टीमशी न बांधलेला असता तर तू लाखभर मोजले असतेस. शेवटी डोबी टिकला तर आणखी ५,००० असं ठरलं, आणि ५ जुलैला तो अमेरिकन लीगमधला (ही मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, निग्रो अमेरिकन लीग नव्हे) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून उतरला. आर्विनलाही डॉजर्स असेच फुकट नेत होते, एफा वकील घेऊन आडवी आली, डॉजर्सनी हात काढून घेतला, मग न्यूयॉर्क जायंट्सनी ५,००० देऊन त्याला घेतलं. त्यातला वकिलाचा वाटा देऊन उरलेल्या पैशांत तिने स्वतःसाठी मिंकची फर घेतली असं सांगतात. घेतली तर बरंच केलं म्हणायचं, एवढ्या वर्षांच्या खटपटीतून तेवढं तरी हाताला लागलं.

१९४८ नंतर मॅनलींनी टीम विकली, ती ह्यूस्टनला गेली, आणि निग्रो नॅशनल लीगही त्याच साली संपली. निग्रो अमेरिकन लीगवाले आणखी काही वर्षं रेटत राहिले. एफा २००६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेली, तिथे निवडलेली पहिली आणि आजवरची एकमेव बाई. त्याच वर्षी मॅनेजर मॅकीही. आर्विन १९७३ ला, डोबी १९९८ ला. लिऑन डेच्या निवडीची बातमी मार्च १९९५ मध्ये त्याला हॉस्पिटलमध्ये कळवली, त्यानंतर सहा दिवसांत तो गेला.

प्रश्न : आता या लीगचे रेकॉर्ड मेजर लीगमध्ये धरतात म्हणे. मग जॉश गिब्सनचे ८०० होम रन कुठे आहेत? – एक वाचक, पुणे

डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधल्या सात कृष्णवर्णीय लीगना मेजर लीगचा दर्जा दिला, आणि मे २०२४ मध्ये आकडे अधिकृत यादीत मिसळले. त्यामुळे करिअर अ‍ॅव्हरेजमध्ये कृष्णवर्णीय लीगमधला गाजलेला बॅटर गिब्सन .३७२ सह पहिला, टाय कॉब .३६७ सह दुसरा. एका सीझनचा विक्रमही गिब्सनचाच, १९४३ चा .४६६.

पण होम रन यादीत २०० सुद्धा नाहीत. कारण त्याच्या हॉल ऑफ फेमच्या पाटीवर जे जवळपास ८०० लिहिलंय ते लीग आणि लीगबाहेरच्या मॅचेस सगळं धरून. टीम आठवड्यात लीगच्या मॅच थोड्याच खेळायच्या, बाकी दिवस बसमधून गावोगाव, कधी कारखान्याच्या टीमशी कधी गावच्या टीमशी, पोट त्यावरच भरायचं. यादीत धरलेत ते फक्त लीगचे आणि ज्यांचा बॉक्स स्कोअर, म्हणजे पेपरात छापलेलं स्कोअरकार्ड, सापडला ते. आणि बॉक्स स्कोअर तरी कुठे सगळे आहेत, टीमवाले पेपरांना पाठवायचाच कंटाळा करायचे, कृष्णवर्णीय पेपरांचे वार्ताहर त्यावरून तेव्हाही शिव्या घालायचे. गिब्सन स्वतः १९४६ चा सीझन खेळला तो शेवटचा, जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला, रॉबिन्सन डॉजर्सकडून उतरायच्या तीन महिने आधी.

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सीला राहतो. रपर्ट स्टेडियम अजून आहे का? मुलांना दाखवावं म्हणतो. – एक वाचक

नाही, १९६७ मध्ये पाडलं, तिथे जाऊन काही दिसणार नाही. त्यापेक्षा पॅटरसनला जा, तुमच्याकडून गाडीने फार लांब नाही. ग्रेट फॉल्स धबधब्याला लागून हिंचलिफ स्टेडियम आहे, १९३२ चं, न्यूयॉर्क ब्लॅक यांकीजचं घरचं मैदान, आणि कृष्णवर्णीय लीगची जी मोजकी मैदानं अजून उभी आहेत त्यातलं एक. लॅरी डोबी पॅटरसनचाच, ईगल्ससाठी त्याची चाचणी १९४२ मध्ये याच मैदानावर झाली. बरीच वर्षं पडीक होतं, डागडुजी करून २०२३ मध्ये परत उघडलं, शेजारी म्युझियम आहे आणि सीझनमध्ये तिथे प्रोफेशनल मॅचेसही होतात. मॅचच्या दिवशी गेलात तर आतूनही नीट बघता येईल, वेळापत्रक तेवढं आधी बघून घ्या.