गावच्या तलावावरील पक्ष्यांची लाइफ लिस्ट कशी ठेवावी?

तुम्ही लिहिले आहे की, बेळगावजवळच्या आपल्या गावच्या तलावावर दोन महिन्यांपासून पक्षी पाहत आहात, वहीत ४१ नावे जमली आहेत आणि आता लाइफ लिस्ट, म्हणजे आयुष्यात पाहिलेल्या सर्व पक्ष्यांची यादी, नीट ठेवायची आहे. मात्र लहानपणी पाहिलेले पक्षी तीत धरावेत का, फोटो नसलेला पक्षी धरावा का आणि ज्याची ओळख पुरती पटली नाही त्याचे काय करावे, हे ठरत नाही. मी खानापूर तालुक्यातला आहे आणि गेली अठरा वर्षे आमच्या गावच्या एकाच तलावावर जात आलो आहे, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न मला कधी ना कधी पडलेले आहेत.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून तो आधी घेतो. पहिल्याच वर्षी डिसेंबरात कमळाच्या पानांवरून चालणारा, वरून तपकिरी आणि खालून पांढरा असा एक पक्षी मला दिसला आणि मी वहीत ‘पियू’ असे लिहिले. पियू म्हणजे लांब शेपटीचा कमळपक्षी. पावसाळ्यात त्याची लांब काळी शेपटी आणि मानेमागचा सोनेरी रंग पाहिल्यावर कोणाचीही चूक होणार नाही. परंतु हिवाळ्यात ती शेपटी राहत नाही, रंगही उतरतो, आणि मग तो आपल्या नेहमीच्या कमळपक्ष्याच्या वयात न आलेल्या पिल्लासारखा दिसू लागतो, कारण ते पिल्लूही वरून तपकिरी आणि खालून पांढुरकेच असते. दोघांतला फरक पंखांत असतो. पियू उडाला की पंख पांढरेशुभ्र दिसतात. कमळपक्ष्याच्या पिल्लाचे पंख गडद असतात. मी पाहिलेला पक्षी उडालाच नव्हता. हे कळल्यावर मी त्या नोंदीवर एक रेघ मारली आणि शेजारी कारण लिहिले; मूळ शब्द मात्र वाचता येतील असेच ठेवले. त्यानंतरचे दोन हिवाळे पियू माझ्या यादीत नव्हता. तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून खाली घिरट्या घालत आला, तलावावरचे सगळे पक्षी एकदम उठले, आणि त्या गर्दीत ते पांढरे पंख मला दिसले. त्या नोंदीइतका आनंद मला दुसऱ्या कोणत्याही नोंदीने दिलेला नाही.

म्हणून शंकेचे पक्षी यादीत घेऊ नका, पण वहीत जरूर लिहा, आणि नावापेक्षा जे दिसले ते लिहा: चोच कशी होती, पायांचा रंग कोणता, उडताना पंखांवर पट्टा दिसला का, ऊन कोणत्या बाजूने होते, अंतर किती होते. सकाळी तलावाच्या पूर्व काठावर उभे राहिलात तर सूर्य पाठीशी राहतो आणि रंग खरे दिसतात. पश्चिम काठावरून प्रत्येक बदक काळेच दिसेल. फोटोची सक्ती मी मानत नाही. जागेवर बसून लिहिलेली चार ओळींची नोंद पुष्कळदा अंधूक फोटोपेक्षा जास्त सांगते. केवळ आवाज ऐकलेला पक्षीही धरावा, फक्त तो आवाज तुम्हाला दुसऱ्या कोणत्याही आवाजापासून वेगळा काढता आला पाहिजे. पावसाळ्यात झुडपांत दडून ओरडणारी पांढऱ्या छातीची पाणकोंबडी डोळ्यांना दिसलीच पाहिजे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही.

लहानपणीच्या पक्ष्यांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. तारीख आणि ठिकाण सांगता येत नसेल, तर ती आठवण आहे, नोंद नव्हे. तारेवर बसलेला नीलकंठ (तो आता आपल्या कर्नाटकाचा राज्यपक्षी आहे) मीही शाळेत जाता-येता पाहत होतो, परंतु यादीत तो मोठेपणी पुन्हा पाहिलेल्या दिवसाच्या तारखेने आला. अशा आठवणींसाठी वहीची मागची पाने ठेवा. घरातल्या आणि शिवारातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारा. आमच्याकडे मराठी आणि कानडी दोन्ही नावे कानावर पडतात आणि ती दोन्ही लिहून ठेवण्यासारखी असतात. आपण ज्याला टिबुकली म्हणतो, त्या सतत बुडी मारणाऱ्या लहान पक्ष्याला कानडीत गुळुमुळुक म्हणतात. ‘मुळुगु’ म्हणजे बुडणे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो पक्षी वेगळा ओळखून द्यावा लागत नाही. मराठी नावांतही ओळख भरलेली आहे. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरे गंध ल्यालेला तो वारकरी. काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी लाल ठिपका, ते हळदीकुंकू बदक. ही नावे ठेवणाऱ्यांनी पक्षी जवळून आणि मायेने पाहिले होते, असे मला नेहमी वाटते.

यादीतला आकडा अधूनमधून बदलेल, त्याने गोंधळू नका. पूर्वी जांभळी पाणकोंबडी ही युरोपापासून ऑस्ट्रेलियापर्यंत एकच जाती मानली जाई. आता आपल्याकडची राखी डोक्याची पाणकोंबडी स्वतंत्र धरतात. हळदीकुंकू बदकाच्या बाबतीतही भारतातील आणि पूर्व आशियातील पक्षी असेच वेगळे केले गेले. तुम्ही ठिकाण लिहिलेले असेल तर अशा वेळी यादी दुरुस्त करणे सोपे जाते. वहीबरोबर ‘ई-बर्ड’ हे पक्ष्यांच्या नोंदींचे संकेतस्थळ वापरत असाल तर उत्तम. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलेल्या या उपक्रमात लाइफ लिस्ट आपोआप तयार होते. मात्र तिथे ओळखता आलेले सगळे पक्षी, त्यांची संख्या आणि किती वेळ पाहिले हे द्यावे, फक्त नवलाचे पक्षी नोंदवू नयेत. बेळगावात नेमणुकीस असलेल्या कॅप्टन बटलर यांनी १८८१ साली दख्खन आणि दक्षिण मराठा प्रदेशातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली होती; आज कोणता पक्षी इथे राहिला आणि कोणता गेला हे ताडून पाहायला आधार मिळतो, तो तशा नोंदींमुळेच. तुमच्या तलावासाठी अशी यादी कदाचित तुमचीच वही असेल, म्हणून ‘आज वारकरी एकही नाही’ हेही लिहायला विसरू नका.

आकडा वाढवण्यासाठी लांब जाण्याची घाई मी करणार नाही. एकाच तलावावर वर्षभर, शक्यतो दर आठवड्याला गेल्यास पाणी चढते-उतरते तसे पक्षी कसे बदलतात ते कळते: पाणी आटून चिखल उघडा पडला की तुतवार आणि शेकाटे, ऑक्टोबरपासून थापट्या आणि तलवार बदके, मार्च-एप्रिलात त्यांची परतीची लगबग. तरीही हिवाळ्यात एकदा गोकाक तालुक्यातील धुपदाळला जरूर जा. तिथे घटप्रभा नदीवरच्या बंधाऱ्यामागे पाणी पसरते आणि १९७४ सालापासून त्या परिसराला पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे. मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे कांड्या करकोचे तिथे उतरतात. दिवसा कापणी झालेल्या शेतांत धान्य वेचतात आणि रात्री पाण्यालगत मुक्काम करतात. त्यांचा थवा दिसण्याआधी आवाज येतो. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा वही उघडायचे भानही मला राहिले नव्हते आणि ती नोंद मी परतताना घटप्रभा स्टेशनावर बसून लिहिली.

दुर्बीण घेणार असाल तर ८×४२ ची घ्या, म्हणजे आठपट मोठे दिसते आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगामुळे पहाटेच्या धुक्यातही पुरेसा उजेड मिळतो. आणि जूनमध्ये पाऊस लागला म्हणून जाणे थांबवू नका. पियू आणि कमळपक्षी तेव्हाच पाण्यावरच्या पानांत अंडी घालतात आणि ती उबवण्याचे काम नर करतो. काठावर छत्री घेऊन दूर बसलात, तर तो पानांवरून परत येऊन अंड्यांवर बसताना तुम्हाला दिसेल.